मारकुटी लॉगिनबाई

माझी बायको मारकुटी होती. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात, पण गोड बोललेलं तिलाच चालायचं नाही. आमच्या दूध संघात तिचा मार खाल्ला नाही असा ऑपरेटर शोधून सापडला नसता. पाठीत धपाटा, नाहीतर हाताला लागेल ते फेकून. सगळे तिला लॉगिनबाई म्हणत. मीही म्हणायचो, जरा लांब उभं राहून.

ती संघात कारकून म्हणून लागली. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे मागं सरले, ही शिकली. मी चौथी पास, संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. एकदा विचारलं, तू त्या खोलीत करतेस काय दिवसभर? म्हणाली, "अहो, डोळ्याला दिसती ती लोखंडी पेटी एकच. तिच्या आत मी तीन सर्व्हर उभे केलेत. हात लावाय गेलं तर कुठं नाहीत, पण काम करत्यात. एक दुधाचं लिहितो, एक त्याची नक्कल ठेवतो आन् एक नुसती माणसं वळखतो." गावोगावच्या केंद्रांवरचे कॉम्प्युटर त्या तिसऱ्याला विचारायचे, हा कोण आलाय. त्यानं हो म्हटलं तरच दूध मोजायचं पान उघडायचं.

आधी अख्खं केंद्र एकाच नावावर चालायचं. पासवर्ड स्क्रीनच्या काचेवर चिकटवलेला. येडगावच्या केंद्रावर तिनं ती चिठ्ठी ओढून काढली आणि ऑपरेटरच्या तोंडात कोंबली. "दुधात पाणी एकानं घालायचं आन् मार दुसऱ्यानं खायचा? ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड."

तो थुंकत म्हणाला, "बाई, इसरलो तर?"

"ये माझ्याकडं. कसं इसरत नाय ते दाखवते."

घड्याळावर तिचा फार जीव. केंद्राच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळलंच पाहिजे. पाच-सात मिनिटांचा फरक पडला की सर्व्हर ओळख देत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. हे ती सगळ्यांना सांगायची. मढच्या केंद्रावरचा ऑपरेटर सोपान, त्यानं ते ऐकलं नव्हतं.

नव्या सर्व्हरवर मढचं केंद्र जोडलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी तिथं कोणाचंच लॉगिन होईना. ही माझ्याच टँकरमधून गेली. मोजल्याशिवाय दूध घ्यायचं नाही, हा संघाचा नियम. उन्हाळा होता. ऊन वर आलं, रांग वाढली, आणि कोणीतरी म्हणालं, बाईनं आपलं गावच बंद केलं. रांगेतल्या किसनचं दूध फाटायला आलं होतं. त्यानं रिकामी किटली उचलली आणि पाठमोऱ्या माझ्या बायकोला फेकून मारली. कानाच्या वर लागली. मानेवरून रक्त पाठीत उतरलं.

मी टँकरच्या केबिनमधून टामी काढली. चाक खोलायची लोखंडी कांब. किसनच्या उजव्या खांद्यावर घातली, हाड वाजलं. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. तिच्या रक्तानं माझी बाही भिजली.

"अहो, आधी दूध."

कानावर पदर दाबून ती कॉम्प्युटरपुढं बसली. स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, मग मनगटावरची.

"सोपान, घड्याळ कोणी पुढं केलं?"

"मीच, बाई. धाच मिनिटं. लोक लई उशीर करत्यात, टँकर निघून जातो. भिंतीवरलं पुढं केलं, म्हणलं ह्येबी करावं."

तिनं भिंतीवरचं घड्याळ काढून त्याच्या डोक्यात घातलं. मग कॉम्प्युटरची वेळ नीट केली. पान उघडलं. किसन एका हातानं दुसरा हात धरून जमिनीवर बसला होता. ती म्हणाली, "त्याचं आधी घ्या. त्याचं फाटाय लागलंय."

जुन्नरला टाके पडले. त्या कानानं ऐकू येईनासं झालं. पुढं डोकं दुखायचं, पण खोलीत जायची थांबली नाही. मात्र मारायची कमी झाली. ऑपरेटर खूश झाले. मी घाबरलो.

गेल्या थंडीत ती त्याच खोलीत कोसळली. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली शीर फुटली, जुन्या माराचा संबंध नाही. मी त्याची कॉलर धरली. मला आवरायला आता ती नव्हती. चार माणसांनी ओढून काढलं.

मौतीला किसन आला. उजवा खांदा कायमचा वाकलेला. त्यानं तिरडीला हात घातला, मी ढकलून दिलं. पडला. उठून पुन्हा आला, मी पुन्हा ढकललं. सोपान मधे यायला लागला, त्यालाही बाजूला केलं. किसन धोतराची माती न झटकता परत उभा.

"भाऊ, मार तुला पायजे तेवढं. पर खांदा देऊ दे."

"कोणत्या खांद्यानं देतोस?"

"डावा चांगला हाय."

माझी मूठ आवळलेली होती. मारलंही असतं. पण माणसं थांबली होती, ऊन चढत होतं आणि तिरडी जड होती. मी सरकून त्याला जागा दिली.