नाझारेनाची चाळणी
नाझारेना बाल्देल्ली आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं दगड धुवायची. "लोक भांडी घासतात, आमची बाई डोंगर विसळते," असं मी म्हणायचो. मी तिथला ड्रायव्हर एन्नियो. मासिन्यानोच्या खाणीतून दगडांच्या पिशव्या आणणारा.

दगड भिजवायचा, चिखल चाळणीतून धुवायचा, की जाळीवर राहायची प्राचीन समुद्रात तरंगणाऱ्या प्लवकांची कवचं. खाणीत एक रेघ आहे. रेघेखाली, म्हणजे जुन्या थरांत, काटेवाली कवचं मिळतात, वर एकही नाही. समुद्र गार पडला आणि ती नखरेल मंडळी संपली; गारठा सोसणारी साधीसुधी तेवढी उरली.

प्रत्येक नमुन्यानंतर नाझारेना चाळणी निळ्या रंगात बुडवायची. जाळीत आधीचं कवच अडकलंच, तर ते निळं होऊन पुढच्या नमुन्यात चोरासारखं सापडायचं. तिची बोटं कायम निळी. चर्चमध्ये पाद्रीबाबा तिच्या हातावर प्रसाद ठेवायला कचरायचे.

मग प्रोफेसर स्कार्पोनी आले.

"बाई, आज रंग नको. फोटोत डाग येतात. सोमवारी परिषद आहे."

"आत्ताच रेघेखालचा दगड धुतलाय, प्रोफेसर. काही अडकलं असलं तर?"

"एकतीस वर्षं झाली, अजून हात बसला नाही?"

तिने रंग टाळला. रेघेवरच्या दगडात एक काटेवालं कवच निघालं, पांढरंशुभ्र.

"गारठ्यातून वाचलं!" प्रोफेसर नाचायचेच बाकी होते.

"वाचलंय कसलं! माझ्या चाळणीत बसून आलंय."

"बाई, तुम्ही धुवा. विचार मी करतो."

प्रोफेसरांचा शोधनिबंध गाजला. वर्षभराने इतरांनी तोच थर चाळून चाळून बघितला. काट्याचं टोकसुद्धा नाही. चौकशी समिती बसली. प्रोफेसर म्हणाले, रंग लावायला बाई विसरल्या.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी नाझारेना माझ्याकडे आली. "रंग नको म्हणाले तेव्हा तू दारातच होतास. तेवढंच सांग, एन्नियो."

"अगं, सांगतो की!"

मला गप्प करायला बायकोला ताट आपटावं लागतं. पण पुढच्या वर्षी मला नोकरीवर ठेवायचं की नाही, त्या कागदावर प्रोफेसरांची सही लागणार होती. समितीने विचारल्यावर मी म्हणालो, "पिशव्या जड होत्या, साहेब. बोलण्याकडे लक्ष नव्हतं."

नाझारेना शेजारीच बसली होती. पर्स उचलत ती हळूच म्हणाली, "दीड किलोची पिशवी होती रे."

महिन्याभराने त्या शोधनिबंधाची चूक-दुरुस्ती छापून आली, चूक कोणाची तेही लिहून. तिने धुतलेल्या दगडांवर शेकड्याने शोधनिबंध निघाले, त्यांत तिचं नाव कुठेच नव्हतं. इथे आडनावासकट होतं.