कोळशाचे चार रकाने

आज कुकरमधून तुरीच्या डाळीचा वास आला आणि मी थेट लातूरच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आणि नांदेडहून स्टॅटिस्टिक्सची पदवी घेऊन आलेल्या नव्या सुनेची, म्हणजे माझी, डाळ कधी शिजे, तर कधी काही केल्या कच्चीच राही. सासूबाई म्हणाल्या, "हाताला गुणच न्हाई पोरीच्या."

मला असा राग आला! घरात कधी टँकरचं पाणी असे, कधी बोअरचं; माझा संशय पाण्यावर होता. चुलीसमोरच्या पांढऱ्या भिंतीवर मी कोळशाने चार रकाने पाडले: टँकरचं पाणी, शिजली; टँकरचं, कच्ची राहिली; बोअरचं, शिजली; बोअरचं, कच्ची राहिली. दर डाळीची एक रेघ. पाणी कुठलं आणि रांधायचं कुणी, हे रोज नाणं उडवून ठरवायचं. सासूबाई हसत तयार झाल्या.

महिनाभरात भिंत रेघांनी भरली. बोअरच्या पाण्यात त्यांचीही डाळ कच्चीच राहत होती. हे नुसत्या योगायोगानं घडेल का, ते सांगणारी काय-स्क्वेअर चाचणी मी तिथंच बसून केली. योगायोग नव्हता, दोष बोअरच्या जड पाण्याचा होता. त्या पदवीचा इतका उपयोग मला पुन्हा कधी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारीण तिच्या सुनेच्या कच्च्या डाळीचं गाऱ्हाणं घेऊन आली. सासूबाईंनी विझलेला कोळसा तिच्या हातावर ठेवला.

"आधी रकाने पाड," त्या म्हणाल्या, "मग सुनेला बोल लाव."