सावंतांचा डबा, दामल्यांचा नैवेद्य

दहा वर्षं एका टेबलाभोवती चहा प्यायला, की काढलेले नकाशे विसरतात आणि भांडणं तेवढी लक्षात राहतात. सत्तरच्या आसपास मी मुलुंडच्या एका कारखान्यात ट्रेसर होते, नकाशे गिरवायचे. ड्रॉइंग ऑफिसात तीनच्या चहाला वाद ठरलेला: बिस्किट नेमकं कशाला म्हणायचं?

आमचे हेड ड्राफ्ट्समन दामले कट्टर शाकाहारी. घरचं तूप, साखर, मैदा बेकरीत देऊन नानकटाई भाजून आणायचे. बिस्किट ते एवढंच, बाकी सगळा भुसा!

*

एकदा आमच्यातली मरोळची लिली परेरा खारीलाही बिस्किट म्हणाली. उद्या पावालाही म्हणाल, असं दामले खेकसले.

"म्हणेन की," लिली शांतपणे म्हणाली. "खाणार मी, तुम्ही नाही."

साहेबाशी असं बोलतात?

*

दामल्यांना ताप आला. रिवाजाप्रमाणे आम्ही अ‍ॅरोरूट बिस्किटांचा पुडा घेऊन बघायला गेलो. एकशे दोन ताप, तरी पुडा बाजूला सारून म्हणतात कसे, "हे आजाऱ्यांना द्या!"

चहा घेऊन त्यांची मुलगी नलू आली. आमच्या तरुण सावंतने ग्लुकोज बिस्किट कपात बुडवलं ते तिच्याकडे बघतच. अख्खं बिस्किट तळाला गेलं, तरी याचा हात तसाच.

*

त्यानंतर जन्मभर ग्लुकोज खाल्लेला सावंत चक्क नानकटाईच्या बाजूने बोलायला लागला. "पोरगा गेला कामातून," लिली म्हणाली.

गेलाच होता. दर रविवारी दोघं चोरून भेटायची. पण हा मासळी खाणारा मालवणी, दामले कसले ऐकतात? त्यात नलूला पुण्याचं स्थळ आलं. सावंतचं तोंड एवढंसं झालं.

*

त्या दिवाळीत सावंतच्या आईनेही दामल्यांसारखंच, त्याच बेकरीत बिस्किटांचं सामान दिलं होतं. तुपाचे रिकामे डबे सगळ्यांचे सारखेच. भट्टीच्या धगीने नावाच्या चिठ्ठ्या सुटल्या असणार.

दामले डबा घेऊन ऑफिसात आले. आठ दिवस खातायत, देवालाही नैवेद्य दाखवलाय, यंदा काय खुसखुशीत झालीत म्हणून सांगा! सावंतने एक तुकडा तोंडात टाकला आणि पांढराफटक पडला.

"गो, ही माझ्या आवशीची बिस्किटां," तो माझ्या कानात पुटपुटला.

लिलीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण दामल्यांनी आणखी एक उचललं आणि याला राहवेना.

"साहेब, खाऊ नका. डबा आमचा आहे. त्यात अंडी आहेत."

संपलं याचं लग्न, मला वाटलं. दामले हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिले.

"किती?"

"किलोला सहा."

त्यांनी ते बिस्किट चहात बुडवलं, सावकाश खाल्लं, रुमालाने मिशा पुसल्या.

"आईंना सांगा, ही बिस्किटं नलूला शिकवून ठेवा," म्हणाले आणि कामाला लागले.

नलूचं नाव आमच्यापैकी कोणीही त्यांच्यापुढे काढलं नव्हतं.