पेल्यावरचा तळहात

४ मे २००८. घुशींनी पोती फोडली म्हणून खाद्याच्या खोलीचा माळा रिकामा करायला घेतला. सगळ्यात मागे सरांचे पोते निघाले.

सर कोणाच्याही घरी गेले की पेलाभर लिंबाचा रस मागत. त्यात शिंपल्याचा तुकडा टाकत. बारीक बुडबुडे वर येऊ लागले की म्हणत, "सुटली बघा!" आणि घाईने पेल्यावर तळहात ठेवत. स्वतःच सोडत आणि स्वतःच घाबरत. त्या काळी गंगापूर रोडला राहत असाल, तर तुमच्याही घरचे लिंबू त्यांनी संपवले असेल.

आमच्या पोल्ट्रीला लागून त्यांचे घर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटे. कालवे म्हणजे खाडीतल्या खडकांना चिकटून वाढणारे शिंपले, हे मला त्यांच्यामुळे कळले. धुराड्यांचा, गाड्यांचा वायू समुद्रात विरघळतो, आणि कालवे त्यातला कार्बन आपल्या कवचात बंद करून टाकतात.

"कोंडलेली हवा, वहिनी! खाड्यांत दोर सोडून कालवं वाढवली, तर केवढी कोंडता येईल!"

मी कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालते हे पाहून ते हादरलेच.

"कोंबडीच्या पोटात आम्ल असतं, वहिनी!"

"मग अंड्याला टरफल नको का, सर?"

ते विचारात पडले. "टरफलात परत कोंडली जाते म्हणा," असे म्हणाले खरे, पण चुऱ्याच्या पोत्याकडे बघत राहिले.

परसात त्यांनी टाकी बांधली होती. खारे पाणी, डहाणूहून आणलेली कालवे, हवेचा पंप. पावसाळ्यापूर्वी सरकारी माणसे टाकी बघायला येणार होती. तोवर कालवे जगली आणि कवचे जड झाली, तर सरांना प्रयोगासाठी एक खाडी मिळणार होती.

पण दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की पंप बंद आणि सर कुंपणाशी हजर. "वहिनी, वीज कधी येईल?" जशी काही ती माझ्या फडताळात ठेवलेली. शेवटी मी आमच्या जनरेटरवरून त्यांना एक वायर ओढून दिली. तरी येतच. "डिझेल आहे ना?" असेल तर जनरेटरचा धूर बघून पुन्हा कासावीस.

शेडवर काम करणारी हिराबाई एकदा म्हणाली, "लय जीव लावता, सर. पन खानार कवा?" त्या दिवशी सर तिच्याशी बोलले नाहीत.

बहुतेक कालवे जगली. कवचे जड झाली. मला वाटले, आता तरी हा माणूस झोपेल. तर माणसे येण्याच्या आदल्या संध्याकाळी सर आले ते एका पायात चप्पल घालून.

"वहिनी, घोळ झाला. टाकीतलं पाणी आम्लाकडे झुकलंय. मी पंपाला दोष देत होतो. पण कवच घडतं ना, तेव्हा तोच वायू पाण्यात सुटतोही. मी कोंडलेला तेवढा हिशेबात धरला. सुटलेला धरलाच नाही."

"उद्या येणाऱ्यांना हे कळणार आहे का?"

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना टाकी दाखवली, जड झालेली कवचे हातात दिली, आणि मग स्वतःच सगळे सांगून टाकले. पाहुणे चहा पिऊन गेले. खाडी काही मिळाली नाही.

जिवंत कालवे परत समुद्रात सोडायला सर डहाणूच्या एसटीत बसले. बादलीवर ओले फडके, त्यावर हात. निघताना मेलेल्यांची आणि इतक्या वर्षांत जमवलेली कवचे पोत्यात भरून माझ्या दारात ठेवली. "कोंबड्यांना घाला," एवढेच म्हणाले. तिकडून ते परस्पर बहिणीकडे गेले. दिवाळीनंतर ते वारल्याचे कळले.

पोत्याला घुशींनी तोंड लावले नव्हते. मी ते खाली उतरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीपाशी नेले.

"दळू ना, ताई?" हिराबाईने विचारले.

"थांब जरा."

एक शिंपला पेल्यात टाकला, वर लिंबू पिळले. बुडबुडे आले. मी पेल्यावर तळहात ठेवला. मग पोते होते तिथे वर टाकले, बाजारचा चुरा खाद्यात मिसळला आणि कोंबड्यांना घातला.