न मोडणारी भाकरी

"बाहेर काय खातेस ते आधी सांग," मी शीतलला म्हणाले.

"काहीच नाय मॅडम."

"पाणीपुरी? वडापाव? मैत्रिणीच्या डब्यातली एखादी पोळी?"

"नाय मॅडम. आईची शपथ."

आई तिथेच दाराशी उभी होती. वडील शेजारच्या खुर्चीवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. दोघं वैजापूरच्या पुढच्या गावातून पहाटेच्या एसटीने आले होते. घरी मेंढ्या आणि थोडी जमीन. वडिलांना गावात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे.

मी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. शपथा ऐकून माझे कान किटलेत. साखर सोडली म्हणणाऱ्या माणसाच्या शर्टावर मला पेढ्याचा चुरा दिसलेला आहे. त्यामुळे शपथ ऐकली की मी आणखी कडक होते.

"डबा दाखव," मी म्हणाले.

तिने डबा उघडला. दोन भाकऱ्या चार घड्या घालून ठेवलेल्या, वर पिठलं आणि ठेचा. मी नीट बघितलं आणि डबा परत दिला. "हे बरोबर आहे. मी याच्याव्यतिरिक्त विचारतेय."

त्या डब्याची गोष्ट पुढे येईल. आधी शीतलचा आजार सांगते.

तिला सिलिॲक आहे. गव्हात ग्लुटेन नावाचं एक चिकट प्रथिन असतं. कणीक ताणली तरी तुटत नाही, ती त्याच्यामुळे. सिलिॲक असलेल्या माणसाच्या आतड्याला ते अजिबात चालत नाही. आतडं सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्त कमी होतं. उपाय एकच, गहू बंद. पोळी, मैदा, रवा, शेवया, बिस्किटं सगळं बंद. बाजारातल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून तेही बघून घ्यायचं. इथे 'एखाद्या दिवशी चालतं' असं नसतं.

शीतल पोलीस भरतीची तयारी करत होती. शहरात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची, सकाळी गोगाबाबा टेकडी चढायची, मग अकॅडमीत जायची. आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर तिचा दम जायचा. डोळ्यांपुढे अंधारी यायची. तपासण्या झाल्या, आजार सापडला आणि आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, तिला माझ्याकडे पाठवलं. भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, व्हायच्या आत तिचं रक्त वाढलं पाहिजे, एवढंच काम होतं.

इथे थोडं माझ्याबद्दल. आमच्या ओपीडीत सिलिॲकचा खरा पेशंट क्वचित येतो. बाकी सिडकोतल्या आणि उस्मानपुऱ्यातल्या बायका 'मला ग्लुटेन-फ्री करायचंय' म्हणून येतात, कारण कुणाच्या तरी जावेचं वजन त्याने उतरलेलं असतं. मी त्यांना समजावते, की ज्वारीत ग्लुटेन नसलं तरी पिष्ट भरपूर असतं. चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्याला लो-कार्ब म्हणत नाहीत. एवढं समजावून मी स्वतःही तेच सुरू केलं होतं. दुपारी एकच भाकरी, असं मी सगळ्यांना सांगत असे. दुसरीबद्दल कुणी विचारत नसे. वजन जिथे होतं तिथेच होतं, आणि त्याचा दोष मी थायरॉइडला देत होते. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल होता.

ही भाकरी मी गारखेड्यातल्या मंदाताईंच्या भाकरी केंद्रातून आणायचे. एका गाळ्यात तीन चुली, चार बायका, दारात बोर्ड. भाकरी कशी, तर अगदी मऊ. सकाळी घेतलेली दुपारी गुंडाळून खाता यायची. माझा नवरा विलास तर तिची फ्रँकी करून खायचा. शीतलच्या खोलीवर गॅस लावायला परवानगी नव्हती. म्हणून मंदाताईंचा पत्ता मी तिच्या चार्टवर माझ्या हाताने लिहून दिला होता.

ती एकदा म्हणालीसुद्धा, "मॅडम, ती भाकर लई मऊ असती. आमच्या आईच्या भाकरीसारखी नाय लागत."

"घरची आठवण येणारच," मी प्रेमळपणे म्हणाले. समुपदेशनाचा कोर्स मी नुकताच केला होता.

सहा महिने गेले. तिचं पोट तसंच, रक्त तसंच. गहू पोटात जातोय का हे दाखवणारी एक रक्ततपासणी असते, तीही जिथल्या तिथे. सरांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

"पेशंट चीटिंग करतेय," ते म्हणाले.

"वाटत नाही सर. मुलगी सिन्सियर आहे."

"मग चार्ट चुकलाय का?"

"चार्ट चुकणार नाही," मी म्हणाले.

चार्ट चुकत नाही म्हटल्यावर पेशंटच उरतो. म्हणून त्या दिवशी मी आईवडिलांना बोलावून घेतलं होतं आणि त्यांच्यासमोर तिला डबा उघडायला लावला होता.

"अण्णा," मी शेवटी म्हणाले, "रिपोर्ट खोटं बोलत नाहीत. शहरात मुलं घसरतात. हिच्या डब्यावर नजर ठेवणारं कुणीतरी पाहिजे."

अण्णांनी फेटा डोक्यावर ठेवला. "मग आमच्याच नजरंसमोर ऱ्हाऊ द्या. चल गं, सामान भर."

"अण्णा, ग्राउंड जवळ आलंय," शीतल म्हणाली.

"तब्येतच नाय तर ग्राउंडाचं काय करायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. आता मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत असावं. मी पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

तीन महिन्यांनी अण्णा एकटेच नवे रिपोर्ट घेऊन आले. रक्त वाढलं होतं. पोटाची तक्रार गेली होती. ती तपासणीही उतरायला लागली होती. घरी आईच्या हातची भाकरी, आणि हा फरक.

"म्हणजे तुमी म्हणल्या तेच खरं निघालं मॅडम," अण्णा म्हणाले. "पोरगी शहरात खात हुती कायतरी." त्यांनी तुपाची बरणी टेबलावर ठेवली. मी नको नको म्हणत घेतली.

सरही म्हणाले, की तुमचा चार्ट बरोबर होता. मला इतकं बरं वाटलं, की एका महिला मंडळात 'पेशंटचं खोटं कसं ओळखावं' यावर मी अर्धा तास बोलले. शीतलचं नाव घेतलं नाही. बाकी गोष्ट तिचीच होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मंदाताईंच्या मुलीचं लग्न निघालं आणि केंद्राला आठवडाभर कुलूप लागलं. इतर केंद्रांची भाकरी मला कडक वाटायची. तेव्हा ज्वारीचं पीठ आणून भाकरी घरीच करायची असं मी ठरवलं. पेशंटना रोज भाकरी लिहून देणाऱ्या बाईने ती शेवटची कधी थापली होती, हे न विचारलेलं बरं.

पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. गरम पाण्यात पीठ मळलं, तरी कडा चिरतच होत्या. विलास ताट घेऊन बसला होता.

"चमचा देतेस?" त्याने विचारलं.

"पीठ जुनं असेल. विरी गेलीय." पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, त्याला विरी जाणं म्हणतात. पीठ त्याच दिवशी दळून आणलेलं होतं.

"मंदाताईंची कधी मोडत नाही."

हाताने जुनी वाट धरली. शिकाऊ मुलींकडून भाकरी मोडू नये म्हणून माझी आई ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालायला सांगायची. मी डबा उघडला, मूठभर कणीक घातली, मळलं आणि थापलं. भाकरी परातभर पसरली, अलगद उचलली गेली, तव्यावर टम्म फुगली. मी ती विलासच्या ताटात टाकली. त्याने ठेचा लावला आणि गुंडाळली. कुठेही चीर नाही.

"हां," तो म्हणाला. "ही बघ, अगदी मंदाताईंसारखी झाली."

मी कणकेच्या डब्याकडे बघत राहिले. मग गॅस बंद केला आणि खाली बसले. विलासला वाटलं मला चक्कर आली. शीतलच्या डब्यातल्या चार घड्या घातलेल्या भाकऱ्या मला दिसत होत्या. ज्वारीची भाकरी सहा तासांनी चार घड्या सहन करत नाही. ती मोडते. हे कळायला मला डाएटिशियन असायचीही गरज नव्हती. आणि मी तो डबा हातात घेऊन 'हे बरोबर आहे' म्हणाले होते.

केंद्र उघडलं त्या सकाळी मी मंदाताईंच्या गाळ्यात हजर.

"मंदाताई, पिठात गहू घालता?"

"घालतोच की ओ मॅडम, मूठभर," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. "त्याबगर मऊ राहती का?"

"पहिल्यापासून?"

"नाय नाय. पयले नुसती ज्वारीच हुती. मग तुमीच तक्रार केली ना, दुपारपर्यंत कडक होती म्हणून. तवापासून घालतो. गिऱ्हाईक बी वाढलं." त्यांनी गरम भाकरी माझ्यापुढे धरली. "देऊ दोन?"

मी नको म्हणाले. ती भाकरी मी नाकारल्याचं त्यांना पहिल्यांदाच दिसलं असेल.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग चार्टच चुकला होता." मी हो म्हणाले. मग अण्णांना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "पोरीनं आईची शपथ घेतली हुती. तरी म्या तुमचंच खरं मानलं."

"अण्णा, चूक माझी आहे."

"ती बोलंना झालीय माझ्यासंग. अंगात रक्त आलं, पण पळंना झाली. म्हणती, कुणासाठी पळू. हे फोनवर नका सांगू. तवा समद्यांपुढं बोलला हुतात. तसंच येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वैजापूरची एसटी धरली. वाटेभर माफीची वाक्यं जुळवत होते, त्यामुळे भूक लागली. वैजापूरच्या स्टँडवर गरम समोसे निघत होते. मनावर ताण असताना खाऊ नये, असं मी पेशंटना सांगते. मी दोन खाल्ले आणि पुढची जीप धरली.

अण्णांचं घर रस्त्याला लागूनच होतं. शीतल अंगणात भांडी घासत होती. ती अंगाने भरली होती, गालावर रंग आला होता. मला बघून उठली नाही.

मी अंगणातच उभं राहून बोलले. आईसमोर, अण्णांसमोर. "शीतलने बाहेर काही खाल्लं नव्हतं. ती खरं बोलत होती. गहू मी दिलेल्या पत्त्यावरच्या भाकरीत होता. तिने मला सांगितलंही होतं, की ती भाकरी वेगळी लागते. मी ऐकलं नाही." जुळवलेली बाकीची वाक्यं आठवलीच नाहीत.

आईने पदर डोळ्यांना लावला. अण्णा खाली बघत म्हणाले, "शीतल, म्या बी चुकलो बाई."

शीतलने हातातलं पातेलं विसळलं, पालथं घातलं, हात पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या साडीच्या निरीकडे बघितलं. तिथे समोशाच्या पापुद्र्याचा चुरा चिकटला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "बाहेर काय खाल्लं ते आधी सांगा."

"काहीच नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. आधी ती, मग तिची आई, मग अण्णा. मला चुलीपुढे बसवून आईने भाकरी वाढली. घडी घालायला गेले तर मधोमध मोडली. मी दोन खाल्ल्या.

त्याच आठवड्यात शीतल शहरात परत आली. खोली बदलली, नव्या खोलीवर गॅस होता. पुढे ढकललेल्या ग्राउंडला आठशे मीटर ती पूर्ण पळाली आणि लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव लागलं. निकाल अजून यायचाय. मंदाताईंनी 'फक्त ज्वारी' असा वेगळा तवा, वेगळी परात सुरू केली. त्या भाकरीला मागणी कमी आहे, कारण ती मोडते.

माझ्या चार्टवर आता एक ओळ वाढलीय : भाकरी घडी घातल्यावर मोडली पाहिजे. आणि पेशंट खोटं बोलतोय असं वाटलं, की त्याचा डबा उघडायच्या आधी मी स्वतःच्या साडीची निरी झटकून घेते.