एकोणीस नंबरचा डावा पाय

टेटलॉक गावात ओरेस्ट हाव्रिशबद्दल एक गोष्ट पक्की मानली जाते. लारोकांचा कोल्बी रिंकच्या बर्फावर हॉकी चांगला धडधाकट खेळत होता, त्याला या म्हाताऱ्याने सात क्लबांच्या माणसांदेखत खेळातून उठवलं. का, तर पोराचा भाव पडावा आणि मे महिन्यात ज्युनिअर क्लब पोरांची निवड करतात तेव्हा ओरेस्टच्याच क्लबाने त्याला शेवटच्या फेरीत अलगद उचलावं. को-ऑपच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर हे रोज सांगितलं जातं, आणि सांगणारा दर वेळी आवाज खाली आणतो, जसा काही ओरेस्ट पिठाच्या पोत्यांआड उभा आहे.

"बारा रिंकांचं पाणी प्यालेला माणूस तो. हातातलं पान दाखवेल होय?"

यातलं एवढंच खरं, की पोराला त्याने उठवलं. बाकी सगळं खोटं. पण जे घडलं ते ओरेस्टच्या मते या अफवेपेक्षा वाईट आहे, म्हणून तो ती खोडून काढायला जात नाही.

ओरेस्टचं वय एकसष्ट. आधी धान्याचा ट्रक चालवायचा, आता शाळेची बस चालवतो. गावातली पोरं त्याला वुइको म्हणतात, म्हणजे काका, युक्रेनी नसलेलीसुद्धा. एकोणीस हिवाळे तो पश्चिमेकडच्या एका ज्युनिअर क्लबासाठी पोरं हेरतो. क्लबाने त्याला एक जाकीट दिलंय, पाठीवर मोठं अस्वल. ते त्याने रिंकवर एकदाही घातलेलं नाही. त्याची बायको ते घालून कोंबड्यांना दाणे टाकते.

रिंकवर तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसतो, छताला टांगलेल्या गॅसच्या शेगडीखाली, खिशात सूर्यफुलाच्या बिया. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून. नवखे लोक म्हणतात, म्हातारा झोपला. पण जबडा चालू असतो. तो बर्फ ऐकत असतो. बहुतेक पोरांचे स्केट्स बर्फ खरवडतात, खर्र खर्र, पातेल्याच्या बुडाला लागलेला भात काढावा तसे. असली पोरं नुसती घाईत असतात. खरोखर वेगवान पोराचा आवाज खालचा असतो. ख्रप. ख्रप. नव्या कापडातून शिंप्याची कात्री जावी तसा, आणि दोन्ही पायांचा सारखा.

"डोळ्याला पक दिसतो," खेळातल्या रबरी चकतीबद्दल तो म्हणतो, "आणि डोळा पकाच्या मागे धावतो, कुत्र्यासारखा. मला पोरगं बघायचंय."

कोल्बी लारोकचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोरगं बारा वर्षांचं होतं. ओरेस्टने डोळे उघडले, एकोणीस नंबर पाहिला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला.

हा त्या धंद्याचा रिवाज. जे पोरगं हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्या आईशी बोलायचं नाही, बापाला कॉफी पाजायची नाही. कारण शेजारी डेल फ्रीझन बसलेला असतो, दुसऱ्या क्लबाचा, आणि डेल खेळ बघायला येतच नाही. तो बाकीचे हेरणारे कुणाकडे बघतात ते बघायला येतो.

"काय ओरेस्ट, आज कुणासाठी एवढी थंडी खातोयस?"

"पाच नंबर."

"तो? त्याचे पाय म्हणजे कुंपणाचे खांब रे."

"खांबच हवेत. कुंपण घालायचंय आम्हाला."

"आणि तो छोटा, एकोणीस?"

"बरा आहे. वाऱ्याने उडेल."

दोन हिवाळे त्याने असे काढले. पोटातलं ओठांवर येऊ दिलं नाही. गंमत अशी, की कोल्बी रोज त्याच्याच बसमध्ये बसायचा. उत्तरेकडच्या कच्च्या रस्त्याला लारोकांचं घर, तिथून सकाळी सव्वासातला. "गुड मॉर्निंग, वुइको." "मॉर्निंग. पाय झटक." या दोघांत एवढंच. ओरेस्टला त्या पोराच्या पावलांची तऱ्हा माहीत होती, कोपऱ्यातून वळताना तो कुठला खांदा आधी टाकतो ते माहीत होतं. पण त्याला भाऊ आहे की बहीण, हे विचारायचं धाडस नव्हतं. बसमधल्या चाळीस तोंडांपैकी एकाने घरी जाऊन सांगितलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत डेलच्या कानावर गेलं असतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी, बाहेर उणे चौतीस, कोल्बी पक घेऊन कोपऱ्यात शिरला आणि पलीकडच्या एका दांडग्या पोराने त्याला कडेच्या फळीवर दाबलं. नियमात बसणारा धक्का होता. डोकं फळीवरच्या काचेवर आपटलं. कोल्बी उठला, हात झटकला, बाकावर गेला. कोचने विचारलं, त्याने मान हलवली. शेवटच्या भागात तो परत उतरला आणि एक गोलसुद्धा केला. टाळ्या पडल्या. वरच्या पायरीवर ओरेस्टने डोळे मिटले होते. ख्रप, ख्रऽप. डावा पाय किंचित उशिरा. बर्फ मऊ झालं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. उणे चौतीसला बर्फ मऊ होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

सोमवारी सकाळी कोल्बी बसमध्ये चढला तो टोपी भुवयांपर्यंत ओढून. पाय झटकले नाहीत. मागे जाऊन बसला, मग पुढे येऊन उभा राहिला.

"वुइको, आतला दिवा घालवता का?"

ओरेस्टने आरशात पाहिलं. पोरगं डोळे बारीक करून उभं होतं, उन्हात उभं राहावं तसं. बाहेर तर अजून अंधार होता. ओरेस्टने दिवा घालवला. पाठीमागे पोरांनी ओरडा केला, कुणीतरी भुताचा आवाज काढला.

मंगळवारी दिवा त्याने आपणहून लावलाच नाही.

त्याला कळलं होतं. डोक्याला मार बसलेली किती पोरं त्याने पाहिली होती. बस थांबवून "कोल्बी, डोकं दुखतंय का?" एवढं विचारायचं होतं. नाहीतर संध्याकाळी त्याच्या आईला फोन. रॉंडा लारोक वृद्धांच्या आश्रमात स्वयंपाक करते, चारला सुटते, नंबर वहीत होता. पण फोन केला असता तर तिने विचारलं असतं, तुम्हाला हो कसं कळलं? आणि येत्या शनिवारी तर सामन्यांची जत्रा होती, सात क्लबांची माणसं येणार होती. दोन हिवाळे झाकून ठेवलेला हिरा. मंगळवार गेला, बुधवार गेला. बायकोने पेरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या तर त्याने चार खाऊन ताट सरकवलं. ती म्हणाली, "कुणी मेलंय का?" तो म्हणाला, "अजून नाही."

शनिवारी रिंक भरलं. चर्चच्या बायकांनी खाली कोबीचे रोल मांडले होते, वर हेरणारे आपापल्या कोपऱ्यांत वह्या घेऊन बसले होते, लग्नात उधारीवाले बसतात तसे, एकमेकांकडे न बघता. डेल ओरेस्टच्या शेजारी येऊन टेकला.

"पाच नंबर?"

"पाच नंबर."

खेळ सुरू झाला, ओरेस्टने डोळे मिटले. गर्दीच्या आवाजातूनही त्याला तो आवाज वेगळा काढता येत होता. ख्रप. ख्रऽऽ. ख्रप. ख्रऽऽ. डावा पाय ओढला जात होता. पोरगं अजूनही बाकीच्यांपेक्षा वेगवान होतं, तेच तर वाईट. वह्यांमध्ये पेनं चालत होती. कुणाला काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या भागात पोरं बदलायची वेळ झाली. बर्फावरचे पाचजण आपल्या बाकाकडे निघाले. कोल्बी वळला, बर्फ ओलांडून सरळ दुसऱ्या संघाच्या बाकाच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. दार उघडायची वाट बघत.

रिंक हसलं. त्यांच्या बाकावरच्या एका पोराने त्याला वाकून मुजरा केला. डेल मांडीवर थाप मारून म्हणाला, "हा तर आत्तापासूनच क्लब बदलतोय."

ओरेस्ट उठला. बियांची पुडी पायरीवर सांडली. तो मधल्या जिन्याने खाली उतरला, लोकांच्या गुडघ्यांना लागत, आणि टेटलॉकच्या बाकामागे जाऊन काचेवर मूठ वाजवायला लागला. तोवर कोल्बीला कुणीतरी आपल्या बाकावर आणलं होतं. सातही वह्या थांबल्या. एकोणीस हिवाळ्यांत कुणी ओरेस्ट हाव्रिशला कुठल्याही बाकाजवळ पाहिलं नव्हतं.

"हे बघ, म्हाताऱ्या," कोच म्हणाला, "वर जाऊन झोप."

"एकोणीसला बसव."

"त्याला काही झालेलं नाही. मी विचारलंय. कोल्बी, बरा आहेस ना?"

"बरा आहे, कोच."

ओरेस्ट काचेच्या फटीपाशी वाकला. "कोल्बी, आज सकाळी माझ्या बसमध्ये कुठं बसला होतास?"

पोराने क्षणभर आठवलं. "मागं. डाव्या बाजूला. दिवा घालवला होतात तुम्ही."

बाकावरच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शनिवार होता. शनिवारी बस निघत नाही. कोचने कोल्बीच्या डोक्यावरचं हेल्मेट अगदी हळू काढलं आणि स्वतःच्या काखेत धरून ठेवलं. दिवसभर त्याने ते खाली ठेवलं नाही.

रॉंडा आश्रमातून तशीच आली, अंगावर कामाचा एप्रन. पोराला गाडीत बसवून ती परत आत आली. ओरेस्ट कोबीच्या रोलच्या टेबलापाशी उभा होता. कुणीतरी त्याच्या हातात ताटली दिली होती.

"सात माणसं होती वर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर करायचं होतं?"

"हो."

"तो पाच वर्षांचा असल्यापासून हेच म्हणतोय. मे महिन्यात माझं नाव येईल, आई. आता कोण घेईल त्याला?"

"कुणी नाही घेणार बहुतेक."

तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

ओरेस्टला "आत्ताच" म्हणता आलं असतं. डेल चार हातांवर उभा होता, सगळे ऐकत होते.

"सोमवारी," तो म्हणाला.

"सोमवारी," रॉंडा म्हणाली. आवाज चढला नाही. "आज शनिवार आहे."

तिने त्याच्या हातातली ताटली काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा हिवाळा संपला, पुढचा बघू. आठवडाभर तसाच खेळला नसता तर बरं झालं असतं. कोल्बी सहा आठवडे पडदे लावून घरी होता. मार्चमध्ये तो अर्धा दिवस शाळेला यायला लागला. मागच्या सीटवर दणके बसतात म्हणून पुढे बसायचा, काळा चष्मा लावून. ओरेस्ट खड्डे चुकवत इतकी हळू बस चालवायचा की पहिली घंटा रोज चुकायची.

ओरेस्टच्या क्लबाचा फोन एप्रिलमध्ये आला. बस शाळेबाहेर उभी होती, तो गाडीतच बोलला.

"शेवटच्या फेरीत घेऊ की," पलीकडचा म्हणाला. "आपलं काय जातंय? दुसरं कुणी हात लावणार नाही. तूच तर लिहिलं होतंस, असा पाय दहा वर्षांत ऐकला नाही."

"आत्ता काय लिहिलंय ते वाच."

"वाचलं. घेऊ नका, म्हणून. खुळा झालास का?"

"घेतलात तर ऑगस्टमध्ये शिबिराला बोलवाल. बोलावलंत तर तो येईल. विचारलंत तर बरा आहे म्हणेल. त्याला तेवढंच येतं."

पलीकडचा म्हणाला की, पुढच्या हिवाळ्यापासून हा भाग एका तरुण माणसाकडे द्यायचं ठरतंय. ओरेस्ट म्हणाला, "त्याला बिया आवडतात का विचार." फोन ठेवल्यावर तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला, बस बंद असताना.

एव्हाना गावात अफवा पिकली होती, आणि ती वठवून दाखवायला मजा यायची. डेलची मांडीवरची थाप, कोचचं "वर जाऊन झोप", ओरेस्टचं "पाच नंबर". मीही त्याच बसमधला एक पोरगा; बसमध्ये मी हे सगळे आवाज काढायचो आणि पोरं लोळायची. एका दुपारी ओरेस्टने आरशात पाहिलं.

"माझा आवाज जरा जाड काढतोस," तो म्हणाला. "बाकी ठीक."

मला तेवढंच पुरलं. मी म्हणालो, "वुइको, खरं सांगा. शेवटच्या फेरीत तुमचाच क्लब त्याला घेणार ना?"

"नाही."

"लावता पैज?"

समोरच्या सीटवर कोल्बी काळ्या चष्म्यातून खिडकीबाहेर बघत होता. ओरेस्टने थांबून विचार केला.

"हरशील तर जूनअखेरपर्यंत रोज बस झाडायची. मी हरलो तर मी झाडेन, आणि तू पायऱ्यांवर बसून बिया खायच्या."

बसमध्ये सगळ्यांनी माझ्या बाजूने पैज लावली. हे सोपं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं की तो म्हातारा कसा आहे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी परतीच्या वाटेवर यादी फोनवर आली. पहिल्या फेरीपासून मी मोठ्याने वाचत गेलो, नावं पुकारणाऱ्याच्या आवाजात, एकेक नाव, एकेक गाव. पाच नंबर डेलच्या क्लबाने सहाव्या फेरीत घेतला. कुणी हसलं नाही. शेवटची फेरी आली तोवर माझा आवाज माझाच उरला होता. ओरेस्टच्या क्लबाने कुठल्यातरी गोलरक्षकाचं नाव घेतलं होतं. त्यानंतर यादी संपली.

कोल्बीने विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणालो.

लारोकांच्या घरापाशी बस थांबली. कोल्बी उतरला, ओरेस्टने दार उघडं ठेवून तो फाटकातून आत जाईपर्यंत वाट पाहिली. मग शेवटच्या थांब्यावर त्याने इंजिन बंद केलं. जिंकल्याचं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं. बियांची पुडी खिशात ठेवत तो म्हणाला, "झाडू शेवटच्या सीटखाली आहे," आणि खाली उतरून बसला टेकून उभा राहिला.

मी मागून झाडायला सुरुवात केली. बियांची सालं डाव्या बाजूला जास्त होती, कोल्बी आधी बसायचा तिथे.