गेलेला देव परत घेत नाही

देवांच्या मूर्तींचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे कशी छान शांतता असेल. या एकदा जळगावला! काउंटरमागे उभं राहून माझे केस पांढरे झाले, आणि किस्से देव्हाऱ्यातल्या टाकांसारखे साठत गेले. भर पडत राहते, कमी करायची कोणाची हिंमत होत नाही.

आमचे शेठजी जैन, मूळचे राजस्थानचे. पण आमच्या देवांचे नियम आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ. मूर्ती 'विकली' म्हणायचं नाही, 'घरी गेली' म्हणायचं. आणि घरी गेलेला देव परत घ्यायचा नाही.

* * *

एका इंजिनिअरने मेडिटेशन रूमसाठी ध्यानस्थ महादेव नेला. आठवड्याभरात मूर्तीसकट हजर. तक्रार अशी की, डोळे अर्धवट उघडे आहेत. ध्यानाला बसून मधेच मोबाईल बघितला की हा बघतोय असं वाटतं. पूर्ण मिटलेले डोळे असतील तर बदलून द्या म्हणाला.

शेठजींनी चष्मा लावून मूर्ती नीट तपासली.

"पीसमध्ये फॉल्ट नाही," म्हणाले, आणि मला पुन्हा पॅक करायला लावली.

* * *

दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याकडे संगमरवरी राम गेला. त्यांच्या इंटिरियरवाल्याचा फोन आला. रामाचा मुकुट देव्हाऱ्याच्या छताला लागतोय, जरा घासून मिळेल का?

शेठजींनी विचारलं, देव्हारा कशाचा आहे. तो म्हणाला, सागवानी.

"मग तो घासा. संगमरवरापेक्षा सागवान मऊ असतं."

* * *

पिंपळनेरच्या नानांनी पितळी मारुती नेला. पुढचं त्यांनीच नंतर येऊन सांगितलं. धुळ्याला एसटी खच्चून भरली. खिडकीपाशी मारुती, शेजारी नाना. कंडक्टर म्हणाला, देवाला मांडीवर घ्या, माणसं उभी आहेत. नानांनी आधी तिकीट दाखवलं, मग वयाचं कार्ड. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट असते.

"माले फुकट शे. हाई तिकीट देवनं शे."

कंडक्टरने तिकीट उलटसुलट पाहिलं आणि उभ्या माणसांना मागे सरकायला सांगितलं.

* * *

आता असोद्याच्या अक्का. त्यांच्या नातवाने नवं घर बांधलं. वास्तुशांतीच्या आधी आजीचा जुना पितळी बाळकृष्ण आमच्याकडे मोडीत दिला आणि चकचकीत नवा घेऊन गेला. आजीला सरप्राईज! मोडीची टोपली भरली की भट्टीत वितळायला जाते.

दुसऱ्या दिवशी अक्का एकट्याच बसने आल्या. नवा बाळकृष्ण पदरात गुंडाळलेला. म्हणाल्या, माझा द्या. लग्नात आईने दिलेला होता.

टोपली टेम्पोत चढली होती. शेठजींनी टेम्पो थांबवून ती उतरवून घेतली.

पण टोपलीत रांगते बाळकृष्ण ढीगभर. रोजच्या आंघोळीने सगळ्यांचे चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. नाक नाही, डोळे नाहीत. ओळखणार कसे?

अक्कांनी चेहरे बघितलेच नाहीत. तांब्याभर पाणी मागितलं, खाली बसल्या आणि एकेकाला आंघोळ घालायला लागल्या. रोज घालतात तशीच, अंगठ्याने पाठ चोळत. एक बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, असे कितीतरी. मग एकाच्या पाठीवरच्या खळग्यात अंगठा बरोब्बर बसला.

"हा," म्हणाल्या. पदराने पुसला आणि नव्याशेजारी ठेवला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

शेठजींनी हात पुढे केला. नवा द्या अक्का, म्हणाले, आज परत घेतो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

अक्कांनी दोघांनाही पदरात बांधलं. शेठजी समजावत होते, तसं नाही अक्का, एका देव्हाऱ्यात दोन बाळकृष्ण चालत नाहीत.

अक्का उठल्या, पिशवी खांद्याला लावली.

"दोन बाळ कुठं हायेत, शेठ? माहा आता म्हतारा झाला."